तलावाकाठची हौस आणि तलावावरचं पोट : नांदेड-लातूरच्या जलाशयांवरील मासेमारीचा आढावा

पावसाळा सरत आला आणि नांदेड-लातूरकडचे तलाव भरले, की त्यांच्या काठावर माणसं वाढू लागतात. पहाटे मच्छीमार सोसायटीचे मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा हवा भरलेल्या ट्यूबवर बसून रात्री लावलेली जाळी काढतात. ऊन वर आलं की गावातली, शहरातली पोरं गळ घेऊन येतात. सांडवा वाहत असला तर सुट्टीच्या दिवशी गाड्या लावायला जागा उरत नाही. यात आता एक नवी गोष्ट मिसळली आहे. मोबाइलवर मासेमारीचे व्हिडिओ पाहून रीळ बसवलेली काठी आणि चकाकणारं कृत्रिम आमिष मागवणारा तरुण तालुक्याच्या गावातही भेटतो. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या मासेमारीच्या लीग चालतात, मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा भरतात, हे त्यानं पाहिलेलं असतं. मग आपल्या तलावावर हे का होऊ नये, असं त्याच्या मनात येतं.

हा प्रश्न रास्त आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. पण त्याचं उत्तर देण्याआधी काही गोष्टी तपासाव्या लागतात : आपल्या तलावातला मासा येतो कुठून, त्याचे पैसे कोण भरतं, ते पाणी कोण पितं आणि काठावर गर्दी झाली की नुकसान कोणाचं होतं. या सगळ्याचा आढावा घेतल्यावर माझं मत असं झालं आहे की मराठवाड्यात तरुणांना तलावाशी जोडायला हवं, पण बक्षिसांच्या स्पर्धांच्या वाटेनं नव्हे. पाण्यावर पहिला हक्क तहानेचा, दुसरा मासेमार कुटुंबांचा आणि हौसेचा त्यानंतरचा. हा क्रम मान्य केला तर हौसेलाही चांगली जागा मिळू शकते.

आपलं पाणी : थोडं आणि बेभरवशाचं

नांदेड शहराचा आधार म्हणजे गोदावरीवरचा विष्णुपुरी प्रकल्प. अठरा दरवाजांच्या या बंधाऱ्यामागचा शंकरसागर जलाशय सुमारे ८१ दशलक्ष घनमीटर पाणी साठवतो. शहर त्यातून पितं आणि उपसा सिंचन योजनेतून शेतीही भिजते. जिल्ह्यात मानार नदीवर दोन धरणं आहेत. बारूळचं निम्न मानार आणि लिंबोटीचं ऊर्ध्व मानार. याशिवाय करडखेड, पेठवडज यांसारखे मध्यम प्रकल्प आहेत. कंधारचा जगत्तुंग सागर तर राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा. खाली धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात.

लातूरची गोष्ट आणखी नाजूक. शहराला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण बीड जिल्ह्यात केज तालुक्यात आहे. त्याची एकूण साठवण सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर. लातूर जिल्ह्यात तावरजा, व्हटी, रेणा, तिरू, देवर्जन, साकोळ, घरणी आणि मसलगा हे आठ मध्यम प्रकल्प आणि असंख्य लघु व पाझर तलाव आहेत. पण कागदावरची साठवण आणि प्रत्यक्ष पाणी यांत इथे मोठी तफावत पडते. २०१६ च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली, आणि पुढे पावसाळ्यापर्यंत पाण्याच्या गाड्या येत राहिल्या.

मासेमारीच्या चर्चेत हा दुष्काळ कशाला, असं कोणी विचारेल. कारण उघड आहे. ज्या तलावांत दोन-तीन वर्षांतून एकदा तळ दिसतो, तिथे मासा आणि माणूस एकाच मृतसाठ्यावर जगतात. पाणी पंपाच्या खाली गेलं की उरलेल्या डबक्यात मासे एकवटतात, प्राणवायू कमी पडतो आणि एका रात्रीत ते वर तरंगू लागतात. बारमाही भरलेल्या उत्तर अमेरिकेतल्या सरोवरांसाठी आखलेला खेळ इथे जशाच्या तसा बसवता येत नाही.

तलावातला मासा कोणाचा?

बहुतेक हौशी गळवाल्यांना एक गोष्ट माहीत नसते. आपल्या तलावांत सर्वाधिक विकले जाणारे कटला, रोहू आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी त्यांचं बीज नद्यांमधून गोळा करून आणावं लागे. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली आणि भारतातल्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीचं चित्र बदललं. तो दिवस देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर बीज केंद्रांत मासे तयार होऊ लागले आणि दूरदूरच्या तलावांत ते सोडता येऊ लागले.

म्हणजे विष्णुपुरीच्या किंवा तिरूच्या पाण्यात गळाला लागलेला चार किलोचा कटला बहुधा कुणीतरी बोटुकलीच्या आकाराचा विकत आणून सोडलेला असतो. बीज आणायचं, वाहतुकीत ते मरू न देता तलावापर्यंत पोचवायचं, जाळी आणि तराफे घ्यायचे, राखणीला माणूस ठेवायचा आणि वर ठेक्याची रक्कम भरायची, हा सगळा खर्च मच्छीमार सहकारी संस्था करते. तिचे सभासद बहुतांशी भोई, कहार, कोळी समाजातले. त्यांतल्या अनेकांची शेती नाही किंवा धरणात गेली आहे. पाऊस कमी झाला तर बीज वाया जातं आणि पाऊस जास्त झाला, सांडवा जोरात वाहिला, तर मासा वाहून खाली जातो. दोन्हीकडून तोटा संस्थेचाच.

सगळेच मासे सोडलेले नसतात, हेही सांगायला हवं. मरळ, वाम, शिंगाळा, झिंगा आणि कितीतरी लहान देशी जाती गोदावरी-मांजऱ्याच्या खोऱ्यातल्या मूळच्या रहिवासी आहेत. पहिल्या पावसात ओढ्यांत चढणारे मासे धरणं ही गावोगावची जुनी रीत आहे. मरळीला तर मृगाच्या सुमारास हैदराबादेत दम्यावर दिल्या जाणाऱ्या प्रसादामुळे वेगळीच मागणी असते. पण धरणं, वाळूउपसा, शहरांचं सांडपाणी आणि बाहेरून आलेल्या जाती यांनी या देशी माशांना मागे ढकललं आहे. उजनी जलाशयात चिलापीनं बाकीच्या माशांवर कशी मात केली, हे तिथले मासेमार वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. आफ्रिकन मांगूर पाळायला देशात बंदी आहे, तरी त्याची चोरटी पैदास पूर्ण थांबलेली नाही. मराठवाड्याच्या तलावांनाही हे धोके आहेतच.

ठेका, कायदा आणि चार दारं

कायद्याच्या नजरेनं तलाव सार्वजनिक असला तरी त्यातली मासेमारी सर्वांना मोकळी नसते. मोठे आणि मध्यम जलाशय गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे असतात. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत, सहसा पाच वर्षांसाठी, दिला जातो आणि त्यात स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असतं. २०१७ साली राज्यानं या ठेक्यांचं सुधारित धोरण आणलं. त्याखेरीज १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला मनाई करतो. १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम राज्याला नियमनाचे अधिकार देतो. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा यांबाबतीत मासेमाराला शेतकऱ्याच्या ओळीत बसवण्याचा हा निर्णय महत्त्वाचा आहे.

कागदावर सगळं नीट दिसतं, पण तलावावर मात्र चार दारं ठोठवावी लागतात. पाण्याचा मालक पाटबंधारे खातं, माशांचा ठेका मत्स्य विभागाचा, पिण्याचं पाणी उचलणारी महानगरपालिका किंवा नगरपालिका आणि कायदा-सुव्यवस्था पोलिसांची. काठावर पाचशे माणसं जमली तर त्यांची जबाबदारी यांपैकी कोणाची, याचं एकच स्पष्ट उत्तर नाही. संस्थेचा राखणदार दमदाटी करू लागला तर हौशी माणूस म्हणतो, पाणी सरकारचं आहे. आणि संस्थेचे लोक म्हणतात, मासा आमचा आहे. दोघांचंही निम्मं खरं असतं. भांडणं इथूनच सुरू होतात.

सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या कमलनाथ प्रकरणात सांगितलं की नद्या, जंगलं, किनारे यांसारख्या गोष्टींचं सरकार मालक नसून जनतेच्या वतीनं विश्वस्त आहे. हेच तत्त्व तलावाला लावलं तर सरकारचं काम केवळ ठेका देऊन रक्कम वसूल करण्यापुरतं राहत नाही. तहानलेलं शहर, मासेमार कुटुंब, पाणी प्यायला येणारी जनावरं, पक्षी आणि काठावर बसून शांतपणे गळ टाकू पाहणारा मुलगा, या सर्वांचं हित सांभाळणारी व्यवस्था उभी करणं हे त्याचं कर्तव्य ठरतं.

इतरांनी काय केलं

स्पर्धांचा विचार करायचा तर त्या जिथे वाढल्या तिथला इतिहास पाहायला हवा. रे स्कॉट या विमा विक्रेत्यानं १९६७ साली आर्कान्सास राज्यातल्या बीव्हर लेकवर बास माशाची स्पर्धा भरवली आणि त्यातून व्यावसायिक मासेमारी स्पर्धांचा मोठा उद्योग उभा राहिला. सुरुवातीच्या स्पर्धांत पकडलेले मासे मारले जात. त्यावर टीका झाली. १९७२ पासून स्कॉटच्या संघटनेनं मासे जिवंत ठेवून परत सोडण्याची मोहीम सुरू केली. २००९ मध्ये इलिनॉय राज्यात माध्यमिक शाळांसाठी बास मासेमारीची राज्य स्पर्धा अधिकृत झाली आणि पाठोपाठ इतर राज्यांतही शालेय संघ झाले. मुलांना मोबाइलपासून दूर नेऊन पाण्याकाठी आणणं, हा त्यामागचा हेतू चांगला होता आणि अनेक ठिकाणी तो साध्यही झाला.

पण गर्दीचा प्रश्नही तिथेच उभा राहिला. एकाच सरोवरावर एकाच दिवशी अनेक स्पर्धा, उतारघाटावर होड्यांच्या रांगा, काठावर राहणाऱ्यांच्या तक्रारी आणि उन्हाळ्यात सोडल्यानंतरही मरणारे मासे. म्हणून मिनेसोटासारख्या राज्यानं स्पर्धेला परवाना सक्तीचा केला आणि सरोवराच्या आकारानुसार एका वेळी किती स्पर्धा होऊ शकतात, यावर मर्यादा घातली. जर्मनीत तर गळ टाकण्याचा परवाना हवा असेल तर आधी परीक्षा द्यावी लागते. माशांच्या जाती, त्यांची हाताळणी, नियम, सगळं त्यात विचारलं जातं. ब्रिटनमध्ये हंस शिशाचे वजनमणी गिळून मरू लागले, तेव्हा १९८७ मध्ये बहुतांश शिशाच्या वजनमण्यांवर बंदी आली.

आणखी एक फरक लक्षात घेतला पाहिजे. अमेरिकेत १९५० च्या एका केंद्रीय कायद्यानं मासेमारीच्या साधनांवरच्या कराचा पैसा राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी मिळू लागला. शिवाय गळवाला परवान्याचे पैसे भरतोच. म्हणजे तिथल्या हौशी माणसानं तलावाच्या खर्चाचा वाटा उचलला आहे. आपल्याकडे तो खर्च भोई समाजाची सोसायटी उचलते. तिला विचारल्याशिवाय, तिला काही न देता स्पर्धा भरवणं म्हणजे दुसऱ्यानं पेरलेल्या शेतात खळं करणं आहे.

महाराष्ट्रात हौशी मासेमारीची जुनी परंपरा मुंबईत आहे. १८९१ साली बांधलेल्या पवई तलावाचं पाणी पिण्यासाठी वापरणं बंद झालं. पुढे तिथे १९५५ पासून महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन काम करू लागली. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी ही संस्था तलावात मासे सोडते आणि चोरट्या मासेमारीवर लक्ष ठेवते. तिथे हौशी माणूस स्वतः खर्च करतो, ही बाब आपण शिकण्यासारखी. त्याच पवईनं गर्दीबद्दलही धडा दिला. तलावाकाठी सायकल मार्गाचं आणि पदपथाचं काम सुरू झालं, तेव्हा लोकांनी न्यायालयात धाव घेतली आणि २०२२ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं.

लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज प्रकल्पानं १९७० च्या दशकापासून महसीर माशाची पैदास केली आणि बीज देशभर पाठवलं. हेतू माशांना वाचवण्याचा होता. पण कावेरीत सोडलेल्या त्या महसीरनं तिथल्या मूळच्या, पाठीवर कुबड असलेल्या महसीरची जागा घेतली. हे उघडकीला आलं ते हौशी मासेमारांच्या नोंदवह्यांतून. कावेरीकाठच्या गळाच्या शिबिरांत प्रत्येक पकडलेल्या माशाची जात आणि वजन लिहून ठेवलं जात होतं. संशोधकांनी त्या वह्यांचा अभ्यास करून २०१५ मध्ये ही घसरण मांडली. २०१८ मध्ये हा कुबडवाला महसीर आंतरराष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. बाहेरचा मासा सोडताना किती विचार करावा लागतो हे यातून कळतं, आणि गळवाल्याच्या वहीची किंमतही कळते.

रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळण कोंडीत लोकांनी देवीच्या नावानं महसीर राखले आहेत. तिथे कोणी गळ टाकत नाही, लोक मासे पाहायला जातात. माशाशी नातं जोडायला तो पकडावाच लागतो असं नाही, हे आपल्या लोकपरंपरेला फार आधी उमगलं होतं.

गर्दीचं ओझं कोणावर

स्पर्धा म्हटली की गर्दी आली. मराठवाड्यातल्या तलावावर त्या गर्दीचं ओझं चौघांवर पडेल.

पहिलं माशांवर. आपल्याकडे थंडी संपली की पाणी झपाट्यानं तापतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. गळानं थकलेला, वजनकाट्यावर टांगलेला, फोटोसाठी हवेत धरलेला मासा परत सोडला तरी जगेलच असं नाही. पावसाळ्यात तर विणीला निघालेली मादीच सहज हाती लागते. सांडव्याच्या पायथ्याशी जमून फेकजाळ्यानं मासे ओढणारी गर्दी नेमकी याच काळात होते आणि तिच्यात पोटात अंडी असलेले मासे सर्वाधिक मारले जातात.

दुसरं पाण्यावर. विष्णुपुरी आणि मांजरा हे पिण्याचे साठे आहेत. शेकडो माणसं दिवसभर काठावर राहिली की प्लास्टिक, उरलेलं अन्न, दारूच्या बाटल्या, उघड्यावरची घाण, नायलॉनची तुटलेली दोरी आणि शिशाचे मणी मागे राहतात. दोरीत बगळे आणि पाणकावळे अडकतात. माशांना गोळा करण्यासाठी किलोकिलोनं टाकलेली पेंड आणि कणीक पाण्यात कुजते. आधीच शहराचं सांडपाणी पोटात घेणाऱ्या गोदावरीवर आणखी भार टाकायला जागा नाही.

तिसरं माणसांच्या जिवावर. दरवर्षी आपल्या भागात पोहायला किंवा मासे धरायला गेलेली तरुण पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कळाशी-कुगावच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. ती प्रवासी बोट होती, पण वाऱ्याला हौस आणि गरज यांत फरक कळत नाही. जीवरक्षक जाकीट, प्रशिक्षित पोहणारे, रुग्णवाहिका यांशिवाय तलावावर मुलांना जमवणं हा गुन्हाच मानला पाहिजे.

चौथं आणि सर्वांत कमी चर्चिलं जाणारं ओझं मासेमारांच्या कमाईवर. संस्थेची उभी जाळी पाण्यात असतात. हौशी गळ त्यांत अडकून जाळी फाटतात. स्पर्धेच्या दिवशी तलाव बंद ठेवला तर सभासदाचा रोज बुडतो. काठावर गर्दी वाढली की रात्रीची चोरी वाढते. मुलांना बक्षीस मिळतं, मासेमाराला फाटकं जाळं.

शिकवण देणारे तीन प्रयोग

यावर उपाय आहेत आणि ते फार दूरचे नाहीत. मध्य प्रदेशात तवा धरणानं विस्थापित झालेल्या आदिवासींनी लढा देऊन १९९६ मध्ये जलाशयाचा मासेमारीचा हक्क मिळवला आणि आपला तवा मत्स्य संघ उभा केला. त्यांनी बीज सोडणं, विणीच्या काळात बंदी पाळणं, विक्री, सगळं स्वतः सांभाळलं. २००६ मध्ये हा हक्क काढून घेतला गेला, तरी त्या दहा वर्षांत स्थानिक माणसांच्या हाती तलाव चांगला चालतो हे सिद्ध झालं.

आपल्या शेजारच्या तेलंगणानं २०१६ पासून तलावांत सरकारी खर्चानं मत्स्यबीज सोडायला सुरुवात केली. धर्माबाद, बिलोली, देगलूरच्या मासेमारांना सीमेपलीकडचं हे चित्र समोर दिसतं. बीज वेळेवर येतं का, दर्जा कसा, यावर तिथेही वाद आहेत. पण तलाव ही गावाची संपत्ती आहे आणि तिच्यात सरकारनं गुंतवणूक केली पाहिजे, हा विचार महत्त्वाचा.

तिसरा प्रयोग विदर्भातला. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत ढीवर समाजाच्या संस्थांनी आणि अभ्यासकांनी मिळून बेशरमाची झुडपं काढून टाकली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि मागे पडलेले देशी मासे परत वाढवले. या कामात स्त्रियाही पुढे आहेत. मराठवाड्यातल्या लहान तलावांना हा धडा थेट लागू पडतो.

तरुणांसाठी तलाव कसा उघडावा

तरुणांना तलावापासून दूर ठेवावं, असं मला मुळीच वाटत नाही. शेतीनं, नोकरीच्या प्रतीक्षेनं आणि स्पर्धापरीक्षांच्या ओझ्यानं थकलेल्या आमच्या मुलांना पाण्याकाठी बसायला मिळालं तर त्यांचं भलंच होईल. गळ टाकायला संयम लागतो, पाणी वाचावं लागतं, वारा आणि ऋतू ओळखावे लागतात. ही विद्या भोई समाजानं पिढ्यान्पिढ्या जपली आहे आणि शाळेत तिला जागा मिळालेली नाही.

आपल्या भागाला यासाठी एक मोठी सोय आहे. लातूर जिल्ह्यात उदगीरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. राज्याच्या इतर भागांना हेवा वाटावा अशी ही संस्था. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, मत्स्य महाविद्यालयाचे प्राध्यापक आणि मासेमार संस्था यांनी एकत्र येऊन गावोगावच्या शाळांसाठी तलाव मंडळं सुरू केली तर खर्च फार येणार नाही. मुलांनी महिन्यातून एकदा तलावावर जावं, संस्थेच्या अनुभवी मासेमाराकडून जाळी आणि गळ शिकावा, पकडलेल्या माशाची जात, लांबी आणि दिवस वहीत लिहावा, पाण्याचं तापमान आणि पातळी नोंदवावी. कावेरीच्या वह्यांनी जे दाखवलं ते आपल्या मुलांच्या वह्या गोदावरी-मांजऱ्याबद्दल दाखवतील. कोणता देशी मासा कुठल्या तलावातून गेला, कुठे मांगूर शिरला, कुठे चिलापी वाढली, याची माहिती पाच वर्षांत जमा होईल. बक्षीस द्यायचंच असेल तर सर्वांत चांगल्या वहीला द्यावं, सर्वांत जड माशाला नको.

ज्यांना हौस म्हणून गळ टाकायचा आहे, त्यांच्यासाठीही सोपे नियम हवेत. पिण्याच्या मुख्य साठ्यांवर, म्हणजे विष्णुपुरी आणि मांजऱ्यावर, कुठलीही स्पर्धा किंवा मेळावा नको. इतर तलावांवर काठाचा ठरावीक भाग हौशी गळासाठी राखावा आणि दिवसाचा लहानसा पास असावा. त्याचे पैसे ठेकेदार संस्थेला आणि बीज सोडण्याला मिळावेत. गावातल्या गरीब माणसानं घरच्या कालवणापुरते धरलेले दोन मासे या पासातून वगळावेत. तो त्याचा जुना हक्क आहे. विणीच्या काळात गळ आणि फेकजाळं दोन्ही बंद असावीत आणि सांडव्याखाली मासे धरायला सक्त मनाई असावी. शिशाचे मणी नकोत, जाकिटाशिवाय पाण्यात कोणी नको आणि अठरा वर्षांखालील मुलांबरोबर जबाबदार मोठी व्यक्ती हवी. पाणीसाठा ठरावीक पातळीखाली गेला की हौशी मासेमारी आपोआप थांबावी. यासाठी नवा कायदा लागणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी पाटबंधारे, मत्स्यव्यवसाय, पाणीपुरवठा आणि पोलीस यांना एका बैठकीत बसवून तलावनिहाय आदेश काढला तरी पुरेल. त्या बैठकीत मासेमार संस्थेचा प्रतिनिधी असलाच पाहिजे.

संस्थांनाही एक सांगणं आहे. काही ठिकाणी संस्था नावापुरती उरली आहे. ठेका संस्थेच्या नावावर आणि प्रत्यक्ष धंदा बाहेरच्या व्यापाऱ्याच्या हातात, असं चालतं. खरा मासेमार मजूर होतो आणि काठावरच्या पोराला हाकलायला व्यापाऱ्याचा माणूस उभा राहतो. असं होऊ देणाऱ्या संस्थेला गावाची सहानुभूती मिळणार नाही. सभासदांच्या तरुण मुलामुलींना उदगीरच्या महाविद्यालयात पाठवणं, मासळी स्वतः विकणं, गावातल्या शाळेला तलाव दाखवणं, यातूनच संस्थेचा हक्क लोकांच्या मनात पक्का होईल.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरा नदीतला गाळ उपसला. त्या कामात विद्यार्थी, व्यापारी, डॉक्टर, शेतकरी सगळे उतरले होते. सार्वजनिक पाण्यासाठी आपला माणूस एकत्र येऊ शकतो, याचा तो पुरावा आहे. तीच ताकद तलावाच्या शिस्तीसाठी लावायला हवी. माझी नांदेड आणि लातूरच्या दोन्ही जिल्हा प्रशासनांना विनंती आहे की येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक मध्यम प्रकल्पाचा मासेमारी आणि गर्दीबाबतचा आदेश तयार करावा आणि तो काठावर ठळक मराठीत लावावा. आणि गळ हातात घेणाऱ्या प्रत्येक तरुणाला एवढंच सांगणं, की तलावावर जाशील तेव्हा आधी तिथल्या सोसायटीच्या मासेमाराला विचार, त्याच्याकडून शीक आणि मगच पाण्यात दोरी सोड.